जीर्णोद्धार समित्यांना: तुळईचं टोक चुलाणात घालण्याआधी

प्रति,
गावोगावच्या मंदिर जीर्णोद्धार समित्यांचे पदाधिकारी, देवस्थानांचे विश्वस्त आणि पडायला आलेल्या जुन्या वाड्यांचे वारसदार

सप्रेम नमस्कार वि. वि.

गेल्या वैशाखात आमच्या गावच्या देवळाचा जुना सभामंडप उतरवला. माळवदाचा मंडप, सागवानी सात तुळया आणि बारा खांब. दोन खांब कलले होते, पावसाळ्यात पाणी थेट कीर्तनकाराच्या पाठीवर गळायचं, वाळवी लागली होती. तो पाडायला माझा विरोध नव्हता. नव्या मंडपाची वर्गणी मीही दिली आहे.

तुळयांची भिंतीत पुरलेली टोकं कुजली होती. मिस्त्रींनी ती हात-हात कापून बाजूला टाकली. मधला चांगला भाग जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्यानं ट्रकमध्ये भरून नेला, आणि कापलेली टोकं भूमिपूजनाच्या महाप्रसादाला चुलाणात गेली. मी पोचले तेव्हा भाताचं पातेलं चढलं होतं आणि ढिगात एकच टोक उरलं होतं. आचाऱ्याकडून ते मागून घेतलं आणि घरी आणलं.

माझे वडील सुतार होते. भावानं अजून त्यांची हत्यारं ठेवली आहेत. त्यानं त्या टोकाचा आडवा छेद घेतला, रंधा मारून गुळगुळीत केला, आणि मी त्यावर ओलं फडकं फिरवलं. फडकं फिरताच वर्तुळं उमटली. सागात ती डोळ्यांनी दिसतात. पावसाळ्याच्या सुरुवातीला झाड भराभर वाढतं तेव्हा मोठ्या छिद्रांची एक रांग धरतं, पुढे लाकूड दाट होत जातं, मग पानं झडतात, झाड थांबतं. पुढच्या मृगाला पुन्हा छिद्रांची रांग. एक पावसाळा, एक वलय. मी सुईच्या टोकानं मोजत गेले. एकशे अडतीस भरली.

गाभ्यापासून साधारण दोन बोटांवर सलग पाच वलयं इतकी चिकटलेली आहेत की पाचही माझ्या करंगळीच्या नखाखाली झाकली जातात. मग दोन रुंद, आणि पुन्हा तीन बारीक. कुठल्यातरी काळात त्या झाडानं पाच पावसाळे उपाशी काढले, दोन वर्षं पोटभर प्यायलं आणि पुन्हा तीन वर्षं कोरडी गेली. हे कुठल्या सालचं, ते मला सांगता येत नाही. तुळई चौकोनी तासलेली, त्यामुळे सालीकडची शेवटची वलयं गेलेली आहेत. उरलेल्या सहा तुळयांची टोकं हाताशी असती तर एकमेकांना लावून काही सांगता आलं असतं. ती त्या दिवशी जळाली. कोणाची चूक म्हणून हे सांगत नाही. समितीतल्या कोणालाच ठाऊक नव्हतं की त्या ढिगात वाचण्यासारखं काही आहे. ते ठाऊक व्हावं म्हणून हे पत्र.

तुम्ही सगळ्यांनी दुर्गादेवीच्या दुष्काळाचं नाव ऐकलं असेल. १३९६ ते १४०७, बारा वर्षं. बहमनी राज्याचा काळ, राजधानी गुलबर्ग्याला. गोदावरी आणि कृष्णा या दोन नद्यांच्या मधला मुलूख ओस पडला आणि पुढे तीस वर्षांहून अधिक काळ तिथून नावापुरता महसूल यायचा, असं मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रँट डफ या ब्रिटिश अधिकाऱ्यानं लिहून ठेवलं आहे. गावांच्या शिवा कोणाला आठवेनात, म्हणून नव्यानं हद्दी घालायला बहमनी दरबारानं दादू नरसू काळे आणि एक तुर्की खोजा अशा दोघांना धाडलं. जो कसेल त्याला जमीन. पहिल्या वर्षी सारा माफ, दुसऱ्या वर्षी बिघ्यामागे घोड्याचा एक तोबरा भरेल एवढं धान्य. तोबराभर धान्य! राज्य किती खाली आलं असेल, ते या एका मापावरून मला कळतं.

पण ग्रँट डफ साताऱ्याला होता एकोणिसाव्या शतकात, आणि त्याचा इतिहास छापून आला १८२६ साली. म्हणजे घटनेनंतर चारशे वर्षांनी. दुष्काळ बारा वर्षं चालला हे तोही लोकांच्या सांगण्यावरून म्हणतो. आणि बारा हा आपल्याकडे गोष्टीतला आकडा आहे. बारा वर्षांचं तप, बारा वर्षांचा वनवास, बारा वर्षांचं अवर्षण. भूगोल शिकवताना एका मुलीनं मला विचारलं होतं, “बाई, बारा वर्षं खरंच पाऊस नाही पडला, की बारा म्हणायची पद्धत आहे?” मी तेव्हा उत्तर देऊ शकले नाही. निवृत्त झाले तरी तो प्रश्न सुटलेला नाही. तो सोडवता येण्यासारखा आहे, एवढं मात्र आता कळलं आहे.

माणसानं लिहून ठेवलेलं अपुरं पडतं तिथे दगडाला, झाडाला आणि गाळाला विचारावं लागतं. पाऊस मोजायची सलग आकडेवारी आपल्याकडे साधारण १८७१ पासूनची. हवामान खातं स्थापन झालं १८७५ साली. त्याच्या मागचं सगळं असंच आडून, खुणांवरून शोधायचं.

दगडाची साक्ष आधी सांगते, कारण दुर्गादेवीबद्दलची मला माहीत असलेली सगळ्यात जवळची साक्ष तीच आहे. बस्तरमध्ये जगदलपूरजवळ कांगेर खोऱ्याच्या राष्ट्रीय उद्यानात दंडक नावाची चुनखडीची गुहा आहे. तिच्या छतातून पाणी ठिबकतं, प्रत्येक थेंब चुन्याचा इवलासा थर मागे ठेवतो, आणि वर्षानुवर्षं खालून एक खुंट वाढत जातो. जोराच्या पावसाळ्यातल्या पाण्यात जड जातीचा ऑक्सिजन कमी असतो, तुटपुंज्या पावसाळ्यात जास्त. ते प्रमाण थरात कायमचं अडकतं. थराचं वय काढायचं ते युरेनियमवरून. युरेनियम पाण्यात विरघळतं, थोरियम जवळजवळ विरघळत नाही. त्यामुळे थर नवा असताना त्यात थोरियम नसतं, आणि युरेनियमचा क्षय होत होत ते तिथेच साठतं. किती साठलं यावरून किती वर्षं झाली ते कळतं. २००७ मध्ये आशिष सिन्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या गुहेतल्या खुंटावरून इसवी सन ६०० ते १५०० अशा नऊशे वर्षांच्या पावसाचा आलेख मांडला. चौदाव्या शतकात आणि पंधराव्याच्या मध्यापर्यंत मध्य भारतात पाऊस वारंवार आणि दीर्घकाळ कमी पडल्याचं त्यात दिसतं. दुर्गादेवीचा दुष्काळ नेमका त्या पट्ट्यात बसतो.

पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ काही बोलले नाही. आमच्या आजीच्या तोंडी असलेलं नाव, आणि बस्तरच्या अंधारात कोणी न बघता वाढत राहिलेला चुन्याचा खुंट, दोघांनी एकच गोष्ट सांगावी!

त्याच सुमारास व्हिएतनामच्या डोंगरांतल्या शेकडो वर्षं जुन्या सूचिपर्णी झाडांची वलयंही कोरड्या वर्षांची नोंद देतात. चौदाव्या शतकाच्या मध्यानंतर एक लांब दुष्काळ, पंधराव्याच्या सुरुवातीला दुसरा. कंबोडियातली अंगकोरची राजधानी मोडकळीला आली ती याच काळात. म्हणजे ओढ एकट्या महाराष्ट्राला बसलेली नव्हती, मान्सूनचा मोठा पट्टाच वाळला होता.

आपल्या बुलढाण्यातल्या लोणार सरोवरानंही काही सांगितलं आहे. तळाच्या गाळाचा सुमारे दहा मीटर लांबीचा उभा नमुना काढला तेव्हा त्यात गेलुसाइट नावाच्या क्षाराचे स्फटिक मिळाले. पाणी आटून फार खारं झालं तरच ते तयार होतात. सुष्मा प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये त्यावरून दोन लांब कोरडे काळ दाखवले. त्यातला अलीकडचा साधारण दोन हजार वर्षांपूर्वीपासून सहाशे वर्षांपूर्वीपर्यंतचा. लोणारचं आणि दंडकचं म्हणणं तंतोतंत जुळत नाही. गाळ शतकांच्या भाषेत बोलतो, चुन्याचा खुंट दशकांच्या. दोन साक्षीदारांचं जुळत नसेल तर तिसरा शोधावा लागतो, आणि तो वर्षांच्या भाषेत बोलणारा हवा.

गुहेतला खुंटही बाराचा प्रश्न सोडवू शकत नाही. पाणी छताच्या खडकात मुरत मुरत, मागच्या-पुढच्या वर्षांचं एकमेकांत मिसळून खाली येतं. त्यातून ओढीची लांबलचक सावली दिसते, पण १३९६ कोरडं गेलं, १३९८ ला थोडा पडला, १४०१ पुन्हा गेलं, असं बोट ठेवून सांगता येत नाही. ते सांगतं फक्त झाड.

आणि बारा वर्षं सलग पाऊस न पडणं वेगळं, तीन वर्षं जाणं, एक बरं येणं, पुन्हा दोन जाणं वेगळं. पहिल्यात माणूस गाव सोडतो. दुसऱ्यात तो थांबतो, कर्ज काढतो, बियाणं खातो, बैल विकतो, बऱ्या वर्षी उसनवारीनं पेरतो, आणि पुढच्या ओढीत कायमचा मोडतो. मला वाटतं आपला मुलूख दुसऱ्या रीतीनं मोडला असावा. माझा अंदाज एवढ्यावरच आहे की आमच्या भागातले अलीकडचे दुष्काळही असेच येतात. पुरावा माझ्याकडे नाही. तो लाकडात मिळाला तर मिळेल.

माझे वडील शाळेत गेले नव्हते. फळी रंधताना एखाद्या ठिकाणी रेषा दाट लागल्या की म्हणायचे, “ह्या झाडानं उपास काढलेत.” बहात्तरच्या दुष्काळात मी आठ वर्षांची होते. औत भरायला, कुऱ्हाडीला दांडा बसवायला कोणी येईना, बलुतं कुठून मिळणार! आई खडी फोडायला जायची आणि दुपारी आम्हाला तिथली सुकडी मिळायची. पुढे पुष्कळ वर्षांनी रस्ता रुंद करताना पाडलेल्या एका सागाची चकती भावानं आणली. सालीपासून आत मोजत गेले, तर बहात्तरचं वलय दोऱ्यासारखं होतं. मी त्यावर बोट ठेवलं आणि मला आईचे हात आठवले.

वलयं मोजणं आणि त्यातून पाऊस काढणं यांत मात्र फरक आहे, तो सांगायला हवा. ऐन पावसाळ्यात मोठी उघडीप पडून पुन्हा पाऊस आला तर साग एकाच वर्षात फसवं वलय धरतो. फार वाईट वर्षी एखाद्या बाजूला वलयच नसतं. शेजारचं झाड पडलं आणि ऊन मिळालं तरी वलय रुंद होतं, त्याचा पावसाशी संबंध नसतो. म्हणून एका झाडावर कोणी विसंबत नाही. एकाच रानातली पुष्कळ झाडं घेतात, रुंद-बारीक वलयांचा क्रम एकमेकांना लावून पाहतात, आणि सगळ्यांत सारखा दिसणारा क्रम तेवढा खरा धरतात. १८७७, १८९९, १९१८, १९७२ ही देशभर पाऊस गेलेली वर्षं त्या क्रमात खुंट्यांसारखी उपयोगी पडतात. मग पावसाच्या आकडेवारीतली निम्मी वर्षं घेऊन वलयाची रुंदी आणि पाऊस यांचं नातं बसवायचं, आणि उरलेल्या निम्म्या वर्षांवर त्याची परीक्षा घ्यायची. परीक्षेत उतरलं तरच मागच्या, न मोजलेल्या शतकांकडे वळायचं.

हे काम आपल्याकडे पुण्यातच होत आलं आहे. भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेच्या जी. बी. पंत आणि एच. पी. बोरगावकर यांनी १९८३ साली ठाणे भागातल्या सागाची वलयं आणि तिथलं हवामान यांचं नातं तपासलं. पुढे २०१० मध्ये बोरगावकर आणि सहकाऱ्यांनी केरळातल्या सागावरून ५२३ वर्षांची मालिका बांधली, १४८१ पासून २००३ पर्यंत. एल निनोच्या, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी तापतं त्या वर्षांतली पावसाची ओढ त्या वलयांत उमटलेली दिसते.

१४८१. दुर्गादेवीचा दुष्काळ संपला १४०७ ला. मधे चौऱ्याहत्तर वर्षं उरतात. माणसाचं एक आयुष्य.

केरळचा पाऊस आणि बालाघाटाचा पाऊस एक नव्हे, हे मला कळतं. आपली मालिका आपल्याच रानापासून सुरू व्हायला हवी, मेळघाटच्या, आलापल्लीच्या, डांगच्या कडेच्या सागापासून. जिवंत झाड शंभर-दोनशे वर्षं मागे नेईल. त्याच्या मागे जायचं तर जी झाडं पूर्वीच तोडली गेली ती हवीत, आणि ती आहेत तुमच्या मंडपात, वाड्यात, गढीच्या दरवाजात. पेशवाईतल्या वाड्याची तुळई म्हणजे अठराव्या शतकात तोडलेलं झाड. ते दीडशे वर्षांचं असेल तर त्याचा गाभा शहाजीराजांच्या काळात रुजलेला. १६३० चा दुष्काळ, ज्यात तुकोबांच्या घरातली माणसं गेली, तो एखाद्या माडीच्या कडीपाटात आज उभा असेल. आणि त्याहून जुन्या इमारतीतली तुळई त्याच्याही मागे नेईल. एकीची आतली वलयं दुसरीच्या बाहेरच्या वलयांशी जुळली की साखळीत एक कडी वाढते.

साग एवढा टिकतो का, अशी शंका असेल तर कार्ल्याचं चैत्यगृह पाहून या. छताच्या मूळच्या लाकडी कमानी दोन हजार वर्षांनंतर जागेवर आहेत. (त्यांना कोणी हात लावावा असं मी म्हणत नाही, चुकूनही नाही. संरक्षित स्मारकातल्या लाकडाला नखसुद्धा लावू नये.)

एक जळकं लाकूड काय करू शकतं याचं उदाहरण अमेरिकेतलं आहे. ॲरिझोनात ए. ई. डग्लस नावाचे खगोलशास्त्रज्ञ सूर्यावरच्या डागांचं चक्र झाडांत सापडतं का ते पाहायला वलयं मोजू लागले. जिवंत पाइन आणि ओराईबी या हॉपी लोकांच्या राहत्या गावातल्या जुन्या तुळया जोडत ते १२६० पर्यंत मागे पोचले. दुसरीकडे ओस पडलेल्या जुन्या वस्त्यांच्या तुळयांवरून ५८५ वर्षांची एक वेगळी मालिका तयार झाली होती, पण ती अधांतरी होती. या वस्त्या एकमेकींहून किती जुन्या ते कळायचं, साल कळायचं नाही. दोन मालिकांच्या मधली कडी वर्षानुवर्षं मिळेना. अखेर २२ जून १९२९ ला शो लो नावाच्या गावात हॉरी आणि हारग्रेव्ह या दोघा संशोधकांना मातीत एक अर्धवट जळलेला ओंडका सापडला. त्याला क्रमांक दिला एचएच-३९. त्या रात्री दिव्याच्या उजेडात डग्लसनी त्याची वलयं लावून पाहिली. आतलं वलय १२३७ चं, बाहेरचं १३८० च्या आसपासचं. दोन्ही मालिका एका रात्रीत जोडल्या गेल्या, आणि मेसा व्हर्दे, पुएब्लो बोनिटो या वस्त्यांना वर्षानिशी तारखा मिळाल्या. १२७६ ते १२९९ असा चोवीस वर्षांचा दुष्काळही त्याच वलयांतून वर्षागणिक उलगडला.

तो ओंडका कोळसा झाला होता म्हणून कुजला नाही, आणि कोणी पुन्हा पेटवला नाही म्हणून उरला. आमच्या चुलाणात त्या दिवशी काय गेलं, हे मला कधीच कळणार नाही.

आता तुमच्याकडे मागणं. नवा मंडप बांधू नका, वाडा पाडू नका, चांगलं लाकूड विकू नका, यातलं काहीच मी म्हणत नाही. घर गळतं तेव्हा माणूस काय करणार! मला हवं आहे ते फक्त टोक, जे मिस्त्री तसंही कापून टाकतो. प्रत्येक तुळईचं, प्रत्येक खांबाचं एक. कुजलेल्या भागाच्या थोडं आत, लाकूड घट्ट लागेल तिथे आडवी करवत मारून तीन-चार बोटं जाडीची चकती काढायला सांगा. जिथे कडेचं पांढरं, कच्चं लाकूड किंवा सालीची खूण शिल्लक असेल ती बाजू तासू देऊ नका. झाड कुठल्या साली पडलं ते त्या कडेवर असतं, आणि ती कड गेली की माझ्यासारखं एकशे अडतीस वलयं हातात धरून बसावं लागतं. चकतीला तेल, रंग, वॉर्निश काही लावू नका. वर्तमानपत्रात गुंडाळून सावलीत, कोरड्या जागी ठेवा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालू नका. आणि त्यावर पेन्सिलीनं लिहा: गाव, इमारत, तुळई कितवी आणि कुठल्या अंगाची, कधी उतरवली. देवळात शिलालेख असेल तर त्याचा फोटो सोबत ठेवा. लाकूड कुठल्या रानातून आणलं असं गावात कोणी सांगत असेल तर तेही लिहा. हे फार मोलाचं आहे, कारण जुन्या काळी लाकूड लांबून, कधी नदीतून वाहत आणलेलं असे, आणि रान कळलं नाही तर ते कुठल्या पावसाचं बोलतं तेही कळत नाही.

काही समित्यांत एक अडचण निघते. आमच्याकडेही निघाली. देवाच्या लाकडाला असं कापून लोकांच्या हाती कसं द्यायचं? ते नदीत सोडावं, नाहीतर होमात घालावं. ही भावना मला परकी नाही, मी त्याच मंडपात हरिपाठ म्हणत मोठी झाले. पण ज्या मंडपात दुष्काळात पावसासाठी सप्ते झाले, देव पाण्यात ठेवले, त्याच मंडपाच्या तुळईत त्या पावसाचा हिशेब आहे. तो वाचून घेऊन मग उरलेलं लाकूड तुम्हाला हवं तसं विसर्जित करा. चकतीचीही पूजा करून ती द्या. मी स्वतः तशी हळदकुंकू लावून घ्यायला तयार आहे, फक्त कापलेल्या बाजूला लावू नका.

वाड्यांच्या वारसदारांना वेगळं सांगायचं आहे. तुम्ही पुण्या-मुंबईला असता, वाडा भावकीत वाटलेला असतो, व्यापारी घनफुटाचा भाव सांगतो आणि दोन दिवसांत माडी उतरते. त्या सौद्यात एक अट घाला, की प्रत्येक तुळईची एक चकती आमची. व्यापाऱ्याचं त्यात काही जात नाही, टोकं तो छाटणारच असतो.

चकत्या द्यायच्या कुठे, असं विचाराल. वलयांवर काम चालतं ते पुण्याच्या त्या संस्थेत आणि लखनौच्या बीरबल साहनी पुराविज्ञान संस्थेत. पण गावागावातून थेट तिकडे पेट्या धाडाव्यात असं मी सुचवत नाही. आधी तालुक्याच्या महाविद्यालयातला भूगोल किंवा वनस्पतिशास्त्राचा विभाग गाठा, तिथे एक कपाट मागा, आणि चकत्यांची नोंदवही सुरू करा. दहा गावांच्या चकत्या एका कपाटात आल्या तर अभ्यासकाला बोलावण्यासारखं काहीतरी आपल्याकडे असेल. मी शिकवत होते त्या शाळेनं प्रयोगशाळेतलं एक कपाट मोकळं करून दिलं आहे. त्यात सध्या चार चकत्या आहेत. तीन शेजारच्या गावातल्या पडलेल्या वाड्याच्या. पहिली आमच्या मंडपाची, एका बाजूनं धूर लागून काळी झालेली.

या तीनांतल्या एकीत पाच बारीक, दोन रुंद, तीन बारीक असा क्रम मला दिसल्यासारखा वाटतो. दिसल्यासारखा म्हणते, कारण डोळ्यांना जे हवं असतं ते लवकर दिसतं. सूक्ष्मदर्शकाखाली नीट मापं घेतल्याशिवाय आणि आणखी लाकडं लावून पाहिल्याशिवाय मी त्यावर बोलणार नाही. नववीतल्या चार मुली दर शनिवारी येऊन भिंगाखाली मापं घेतात. त्यातल्या एकीच्या गावात येत्या माघात देऊळ उतरणार आहे, आणि तिनं समितीच्या अध्यक्षांना जाऊन सांगितलं आहे की टोकं कापाल त्या दिवशी मला बोलवा.

तुमच्या गावात काम निघेल तेव्हा मिस्त्रींना आदल्या दिवशी सांगून ठेवा. करवत सुरू झाल्यावर फार घाई असते.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एका सुताराची मुलगी, निवृत्त भूगोल शिक्षिका